तलाठ्याचा पंजा

"तलाठ्या, ये रे! पोरीचा मेसेज आलाय!" मागच्या दारात उभी राहून आई हाका मारत होती. एका हातात फोन, दुसऱ्यात बांगड्याचं डोकं. तलाठी म्हणजे घरातला बोका. कामाच्या वेळी कधीच जागेवर नसायचा, म्हणून हे नाव.

काजूच्या कारखान्यात बिया सोलून सोलून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. फोन काही तिला ओळख देईना, आणि आकडे लक्षात राहीनात. शेवटी नोकरीसाठी पुण्याला निघताना वैतागलेल्या लेकीने बोक्याचा पंजा टेकवून नोंदवला. फोनने तो मुकाट्याने मान्य केला. तेव्हापासून लेकीचं दुपारचं 'जेवलीस का?' संध्याकाळी तलाठी घरी परतल्यावरच वाचायला मिळे. तलाठी बाहेर मुक्कामाला राहिला, की आई उपाशीच आहे असं पुण्यात समजलं जाई.

चतुर्थीला लेक आली. "आये, फोन तुझा चेहरा बघून उघडेल असं करून देते. किती धावशील त्याच्यामागे?"

"नको गो."

"का?"

आईने मांडीवरच्या तलाठ्याचा पंजा हातात धरला. "तू गेल्यावर मग घरात हाक कोणाला मारू?"