दोन्ही विधाने मिळूनही पुरेशी नाहीत

धाकट्याला वीसपैकी शून्य गुण मिळाले. हे आत्ता बाजूला ठेवू, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा धाकटा पास होणार होता.

मोजणी कार्यालयात एक जागा निघाली होती. वयाची अट संपायला चार महिने उरले होते, म्हणजे ही शेवटची परीक्षा. नाही जमलं तर जन्मभर मामाच्या फरशीच्या दुकानात. तिथे तो यंत्रावर फरश्या कापायचा आणि प्रत्येक फरशीचा एक कोपरा काटकोनापेक्षा दोन अंश जास्त भरायचा. मामानं त्या फरश्या वेगळ्या रचल्या होत्या. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायचा, "हा भाचेबुवांचा माल. विकायचा नाही, नुसता बघायचा."

पेपरात सगळे प्रश्न चौकोनाच्या कोनांवर, आणि तेही तिरपागडे. कोन किती ते काढायचंच नाही. दोन विधानं दिलेली असतात. त्यांवरून कोन काढता येईल की नाही, एवढंच सांगायचं. पहिलं विधान एकटं पुरत असेल तर पहिला पर्याय. असं करत करत, दोन्ही मिळूनही पुरत नसतील तर पाचवा.

"म्हणजे उत्तर निघेल हे कळलं की काढायचं नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग हे तुला जमेल."

ताई कॉलेजात गणित शिकवायची. तिच्या टेबलावर सगळं कडेशी काटकोनात असायचं, टाचण्यांचा डबासुद्धा. एरवी ती कुणाला तिथे फिरकू द्यायची नाही. यंदा मात्र मवाळली होती. धाकटा तिच्या खुर्चीत बसला तरी काही म्हणायची नाही, तिचं पेन वापरलं तरी नाही. खणाचं कुलूपसुद्धा तिनं काढून टाकलं होतं. दुपारी दुकान बंद असायचं, ताई कॉलेजात असायची. तेव्हा धाकटा तिच्या टेबलाशी बसून अभ्यास करायचा. ताईकडची वीस उदाहरणं त्यानं वहीत उतरवली, शांतपणे सोडवली आणि उत्तरं पाठ केली. मग बाकीची पुस्तकं रद्दीत दिली.

"अभ्यास कुठवर आला?" एकदा जेवताना ताईनं विचारलं.

"संपला."

"अजून तीन आठवडे आहेत."

"निवडक केलंय. पण पक्कं केलंय."

ताईनं पाण्याचा पेला ताटाशी सरळ केला. "आकृतीवर भरवसा ठेवू नकोस. लिहिलंय तेवढंच खरं. एक शब्द बदलला तरी सगळं फिरतं."

"कुठला शब्द?"

"कुठलाही. वाचत जा."

धाकट्याला भरून आलं. इतक्या मायेनं ती त्याच्याशी, त्यानं तिचा कंपास मोडल्यापासून बोलली नव्हती.

परीक्षेत त्यानं अकरा मिनिटांत पेपर संपवला. शेजारचा उमेदवार खोडरबरानं कागदाला भोक पाडत होता. धाकट्याला त्याची कीव आली.

"वेळ आहे अजून," पर्यवेक्षक म्हणाले. "एकदा तपासून घ्या."

"तपासूनच आलोय," धाकटा म्हणाला.

पंधरा दिवसांनी शून्य आलं.

"डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी चार बरोबर आले असते," मामा म्हणाला. "शून्याला मेहनत लागते, भाचेबुवा." आणि त्यानं यंत्राजवळचं स्टूल पुसून ठेवलं.

धाकट्यानं उत्तरं पडताळून पाहिली. वहीत होतं: चौकोन अबकड, कोन क किती? एक, कोन अ सत्तर अंश. दोन, कोन ब एकशे दहा अंश. यावरून काहीच ठरत नाही. पाचवा पर्याय. पेपरात चौकोनाच्या आधी एक शब्द होता, चक्रीय. म्हणजे समोरासमोरच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी. मग पहिलं विधान एकटंच पुरतं. पहिला पर्याय.

पुढेही तेच. कुठे एक शब्द वाढलेला, कुठे गळलेला.

तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ताईसमोर उभा राहिला.

"तू मुद्दाम केलंस."

"काय केलं?"

"तुला माहितीये."

"मला माहितीये," ताई म्हणाली. "तुला बोलता येत नाहीये."

आई मध्ये पडली. "अगं, पाठचा भाऊ आहे तुझा. नीट शिकवायला काय झालं होतं?"

"मी त्याला काहीही शिकवलेलं नाही, आई."

"तेच तर म्हणतेय मी."

ताईचे डोळे लाल झाले होते. तिनं टाचण्यांचा डबा उचलला, पुन्हा होता तिथेच ठेवला. "फरशी कापणाऱ्याला निदान काटकोन यायला हवा होता रे," ती म्हणाली आणि आत गेली.

धाकट्याला ते फार लागलं. आपलं माणूस असं वागतं, मग परक्यांकडेच न्याय मागितलेला बरा. तो तिच्याच खुर्चीत बसला, तिचंच पेन घेतलं आणि परीक्षा नियंत्रकांना अर्ज लिहिला. खाडाखोड एकही नव्हती.

"महोदय, सदर परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सख्ख्या बहिणीने ती घरी टेबलाच्या उजव्या खणात ठेवली असता, मी तिच्या अपरोक्ष, स्वहस्ते व संपूर्ण प्रामाणिकपणे उतरवून घेतली होती, आणि तिच्यानुसार माझी वीसही उत्तरे बरोबर आहेत, तरी माझी उत्तरपत्रिका खणातील प्रश्नपत्रिकेप्रमाणे फेरतपासण्यात यावी, ही नम्र विनंती."