दोराचं टोक

सूर्य मावळायच्या सुमारास किनाऱ्यावर राजा हाल्वारची चिता विझली. वादळात तो जहाजावरून पडला, कमरेचा दोर तुटला, असं धाकट्या भावानं, स्टेनारनं, सांगितलं होतं. नवव्या दिवशी प्रेत किनाऱ्याला लागलं.

मेजवानीत स्टेनार रिकाम्या सिंहासनासमोरच्या पायरीवर बसला होता. वारसानं मद्याचं शिंग उचलून शपथ वाहायची, ते एका दमात रिकामं करायचं आणि मगच वर बसायचं, अशी रीत होती.

"लवकर उरका, राजे! घसे कोरडे पडलेत!" म्हातारा तांडेल ओरडला. सगळे हसले.

आईनं शिंग आणलं. त्याला कातड्याच्या दोराचा तुकडा गुंडाळलेला होता.

"हाल्वारला आंघोळ घालताना कमरेला सापडला," ती हळूच म्हणाली. "तुटलेल्या दोराच्या चिंध्या होतात, बाळा. हे टोक सुरीनं कापलंय. मारेकऱ्याला जिवंत सोडणार नाही, अशी शपथ घे."

स्टेनारला सुरीखालचा तो ताठ दोर आठवला, आणि खालून येणारी हाक: "ओढ, धाकट्या!"

शिंग घेऊन तो उभा राहिला. मशाली पेटल्या, तरी शिंग भरलेलंच होतं, सिंहासन रिकामं.