बाबांच्या फुप्फुसातला विषाणू

बारा वर्षांपूर्वी आईच्या गर्भाशयाच्या तपासणीत शरीरसंबंधातून पसरणारा एक विषाणू निघाला. बाबा तेव्हा सात दिवस तांब्याच्या खाणीवर आणि सात दिवस घरी असायचे. आई चौदाही दिवस घरीच. तरी "कुणाकडून आणलास?" हे बाबांनीच विचारलं आणि तिची गादी स्वयंपाकघरात नेऊन टाकली. ती अजून तिथंच आहे.

आता बाबांच्या फुप्फुसात कॅन्सर निघालाय. कालामा शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. "सेन्योर एरास्मो, गाठ रोखणारं प्रथिन शाबूत आहे. शिवाय गाठीत एक विषाणू सापडलाय. तो असलेले पेशंट जास्त जगतात, असा आमचा अनुभव आहे. तुम्ही बरीच वर्षं काढाल."

आईने पर्समधून बारा वर्षांपूर्वीचा तपासणीचा कागद काढला. "हाच का हो?"

"हाच, सेन्योरा."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "जाऊ दे, नेल्दा. शेवटी तुझंच लफडं माझ्या कामी आलं. केलं तुला माफ. आजपासून गादी परत खोलीत आण."

आईने कागदाची नीट घडी घातली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "बरीच म्हणजे नक्की किती?"