पाचच मिनिटं, काका

विमानात बॅटऱ्या न्यायला बंदी आल्यापासून प्रवासातले लॅपटॉप माणसाच्या अंगातल्या ताकदीवर चालत. कामाच्या माणसांनी आपली ताकद राखायची आणि निवृत्तांनी आपली द्यायची, अशी रीतही आपोआप पडली होती.

नागपूर विमानतळावर राजंदेकर काकांच्या मनगटातल्या पोर्टमधून एका गृहस्थाने वायर काढली, थँक्यू म्हटलं आणि तो निघून गेला. मनगटावर अकरा टक्के दिसत होते.

"नाही म्हणायला काय होतं हो तुम्हाला?" कुमुदताई कुजबुजल्या. "डॉक्टरांनी वीसच्या खाली जाऊ नका म्हणून बजावलंय."

"तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

तेवढ्यात समोरची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "काका, पाचच मिनिटं. ऑफिसची फाइल पाठवायचीय."

"लाव, बाळ."

फाइल मोठी होती. सात झाले, चार झाले, एक झाला. काकांची मान कुमुदताईंच्या खांद्यावर कलली आणि लॅपटॉप बंद पडला.

"अहो! अहो, ऐकताय ना?" कुमुदताई त्यांना हलवत राहिल्या.

मुलगी खरंच ओशाळली होती. "सॉरी, काकू," ती हळूच म्हणाली. "फाइल अठ्ठ्याण्णव टक्के गेली होती हो. तुमचा पोर्ट मोकळा आहे का?"

आजूबाजूचे सगळे कुमुदताईंकडे बघत होते. त्यांनी काकांचं डोकं नीट खुर्चीला टेकवलं आणि हात पुढे केला.