बाकाची पाठ

इंद्रभानचा जन्म जर्मनच्या पातेल्यांना ठिगळं लावण्यात गेला, पण जर्मनची डोंगी त्याच्या दारात पहिल्यांदाच आली. नळगंगेच्या नव्या धरणावर मासे धरणाऱ्या पुंजाजीनं ती बैलगाडीवर घालून आणली होती. मधल्या बाकाला रिबिटं मारून उंच पाठ ठोकायची, म्हणजे वल्हवणाऱ्याचं तोंड पुढंच राहील, एवढंच काम. इंद्रभाननं हातोडा उचलला.

"पुंजाजीबुवा, जाळं तं मांगून सुटते. असं बसल्यावर तुमाले दिसन काय?"

"काईच नाही दिसलं पाहिजे."

"कंबर दुखते का?"

"नाही."

"जोडीदारासंग बोलचाल बंद हाय?"

"जोडीदार लाखात एक हाय."

इंद्रभानचं डोकं चालेना. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"लेक भुसावळले रेल्वेत लागला," पुंजाजी म्हणाला. "आता जाळं सून सोडते. सासरा समोर असला का बाकावर बसत नाही. तळातल्या पाण्यात बसते. सातवा महिना हाय तिले."

"मंग तुमीच पाठ फिरवून बसा ना. त्याले रिबिटं कायले पाहिजे?"

"बसलो ना. दोन दिस बसलो." पुंजाजी डोंगीच्या काठावरून हात फिरवत राहिला. "मामाजी रागावले असं समजून पोरगी दोन्ही दिस जेवली नाही. बाकच तसा केला का सांगता येते, डोंगीच अशी हाय."