नळीतला जोड

प्लॅस्टिक आणि खनिजाची भुकटी एकजीव करून अपेक्षानं हाडाचा तुकडा बनवला आणि तो एका बोकडाच्या पायात बसवला. वर्षभरात तो खऱ्या हाडात मिसळून जावा, जोड दिसूच नये, एवढ्यावर तिची पीएचडी अडली होती. कॉलेजात चाऱ्याची आबाळ, म्हणून बोकड तिनं करडी गावी, बाप भैय्यालालच्या गोठ्यात ठेवला होता. तो तपासायला तिचे गाइड सर नागपूरहून यायचे ठरले, तेव्हा तिनं फोनवर बजावलं, "बाबा, सर येऊन राहिले. काही कमी पडू देऊ नका."

काहीच कमी पडलं नाही. सरांनी दोनदा मटणाचा रस्सा घेतला, नळी चोखून ताटात ठेवली आणि म्हणाले, "चला भैय्यालालजी, आता बोकड दाखवा."

भैय्यालालनं बायकोकडे, कुंताबाईकडे पाहिलं. "आपल्या घरी त एकच होता, सर."

सरांसोबतच आलेल्या अपेक्षाचा घास तोंडातच राहिला. सरांनी नळी पुन्हा उचलली, रुमालानं पुसली आणि दारातल्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"ऑपरेशन कोणत्या पायाचं होतं?"

"डाव्या, सर."

"आणि हा?"

"डावाच जी," भैय्यालाल अदबीनं म्हणाला. "पोरीनं एवढी मेहनत घेतलेला पाय दुसऱ्या कोनाले कसा वाढू?"

"जोड दिसत नाही," सर म्हणाले. नळी रुमालात गुंडाळून त्यांनी बॅगेत जपून ठेवली आणि आणखी रस्स्यासाठी ताट कुंताबाईपुढे केलं.