चाकं काढलेली गाडी

सकाळी अकरा वाजता नवरा-बायकोने जुनी हॅचबॅक शोरूममध्ये सोडली आणि मोठी गाडी चालवून बघायला घेतली. लेकीची शाळा सुटायच्या आत निर्णय घ्यायचा होता.

“इतक्या वर्षांत एकदा तरी रस्त्यात रुसली का आपली जुनी गाडी?” बायकोने विचारलं.

“ती नाही रुसली, पण माझे गुडघे रुसलेत त्याचं काय?”

मागे बसलेला सेल्समन हसला.

पुलावर नवऱ्याने आरसा नीट केला. मागून त्यांचीच हॅचबॅक येत होती. नंबरही तोच.

“तुमचा माणूस आमची गाडी कुठे फिरवतोय?”

सेल्समनने वर्कशॉपला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, “ती लिफ्टवर आहे, साहेब. तपासायला चारही चाकं काढलीत.”

तेवढ्यात हॅचबॅक त्यांना ओलांडून शाळेच्या रस्त्याला वळली.

ते पोचले तेव्हा शाळेच्या मावशी फाटक लावत होत्या.

“काही राहिलं का, ताई? आत्ताच तर दोघं घेऊन गेलात तिला.”

सेल्समनचा फोन वाजला. पलीकडे मेकॅनिक होता.

“साहेब, गाडी रिकामी करूनच वर चढवली होती ना आपण? मग मागच्या सीटवर दप्तर कुणाचं?”